मुलुंडचा रविवारचा शेतकरी बाजार, सहा महिने भाजी घेतल्यावर लिहितेय

ओळखीतलं कोणी ना कोणी दर आठवड्याला विचारतंच की ईस्टला शाळेच्या पटांगणात रविवारी सेंद्रिय भाजीचा बाजार भरतो तो खरंच चांगला आहे का, महाग असतो ना, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. जानेवारीपासून जातेय, मधले दोन रविवार सोडले तर चुकवला नाही.

सातला सुरू होतो आणि साडेनऊपर्यंत पालेभाजी संपलेली असते, त्यामुळे आरामात उठून जाणार असाल तर फक्त दुधी आणि भोपळा मिळेल. बारा-तेरा टेबलं असतात, बहुतेक शेतकरी मुरबाड, शहापूर, वाड्याकडचे, एक-दीड एकरवाले. मी ज्यांच्याकडून घेते त्या मुरबाडकडच्या मावशी पहाटे तीनला टेम्पोत बसतात. त्यांची मेथी बारीक पानाची, मुळाला ओली माती तशीच, जुडी रबरबँडने नाही तर केळीच्या सोपटाने बांधलेली, आणि घरी आणून निवडायला घेतली की वासाने अख्खं स्वयंपाकघर भरतं. गेल्या रविवारी शेवळं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची रानभाजी, आणली होती पहिल्यांदा. सोबत मूठभर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, वेगळ्या पुडीत बांधून दिली आणि दोनदा बजावलं, "ताई, काकडं टाकल्याबिगर शिजवू नको, घसा खाजंल." हे सुपरमार्केटच्या थंड कपाटातली भाजी तुम्हाला सांगणार आहे का?

वाड्याचा एक दादा तांदूळ आणतो, झिनी, म्हणजे आपला वाडा कोलम. 2021 मध्ये त्याला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणारं सरकारी मानांकन, मिळालं, पण वाडा कोलम नावाने काय काय विकलं जातं ते सगळ्यांना माहितीय, इथे निदान ज्याने लावला त्याच्या हातून घेता येतो आणि भात कधी झोडला ते विचारता येतं.

आता महाग आहे का, तर हो, रस्त्यावरच्या गाडीपेक्षा महागच आहे. पण भाव फळ्यावर खडूने लिहिलेला असतो आणि तो शेतकऱ्यांनीच हंगामाच्या सुरुवातीला बसून ठरवलेला असतो, कोथिंबीर बाजारात पाच रुपयाला जाऊ दे नाहीतर चाळीसला, इथे तोच भाव. मला याचं मोल कळतं कारण माझा मामा ओतूरकडे शेती करतो. 2014 मध्ये त्याने तीनशे जुड्या कोथिंबीर पाठवली होती, आडत्याकडून, म्हणजे मार्केटातल्या दलालाकडून, विक्रीच्या हिशेबाची जी पट्टी आली त्यात आडत (त्याचं कमिशन), हमाली, तोलाई, मोटारभाडं सगळं वजा जाऊन हातात एकशे चाळीस रुपये होते. ती पट्टी मामीने देवघराच्या फळीवर ठेवली होती, मी स्वतः वाचलीय. 2016 मध्ये फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून मोकळी झाली, आडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, त्यामुळे थेट विकायचा रस्ता तर उघडा झाला, पण एक एकरवाल्याने रोज मुंबईत येऊन बसायचं कुठे आणि गिऱ्हाईक येईल याची खात्री काय? तो प्रश्न असल्या बाजारानेच सुटतो.

आणि सुटतो तो ऑर्डरमुळे. गुरुवारी रात्री नऊपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर काय हवं ते सांगायचं, शनिवारी संध्याकाळी तेवढीच भाजी काढली जाते. पण मुलुंडकर, राग मानू नका, ऑर्डर देऊन न येणारे आपल्यात खूप आहेत. फेब्रुवारीत एका रविवारी मावशींच्या पालकाच्या बावीस जुड्या तशाच राहिल्या, मी मोजल्या. मग साडेअकराला लोक येतात आणि "आता काय, परत थोडीच नेणार" म्हणत निम्म्या भावात मागतात. मार्चपासून आयोजकांनी निम्मे पैसे आधी घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून बराच फरक पडलाय. उरलेली भाजी आता जवळच्या पोळीभाजी केंद्राच्या ताई फळ्यावरच्याच भावाने उचलतात, त्यांना मनापासून धन्यवाद.

सेंद्रिय आहे कशावरून, हेही सगळे विचारतात. इथल्या बहुतेकांकडे पीजीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या आपसातल्या तपासणीवर मिळणारं, प्रमाणपत्र आहे. त्यात गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात, बाहेरच्या एजन्सीला द्यावी लागते तसली मोठी फी नाही, म्हणून छोट्या माणसाला परवडतं. रासायनिक सोडल्यावर भाजीसारख्या पिकाला दोन वर्षं आणि चिकू-आंब्याला तीन वर्षं जातात, तोवर प्रमाणपत्रावर ग्रीन असतं, मग ऑर्गॅनिक. ज्या दोघांची वर्षं अजून भरली नाहीत त्यांनी टेबलावर तसं स्वच्छ लिहिलंय, मी मुद्दाम त्यांच्याकडूनही घेते कारण याच काळात उत्पन्न घटतं आणि माणूस परत युरियाकडे वळतो. कायद्याने लहान शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर प्रमाणपत्र सक्तीचं नाही, फक्त सेंद्रियचा सरकारी लोगो लावता येत नाही, तेव्हा कागद नाही म्हणून कोणाला लगेच खोटं ठरवू नका, शेत कुठे, फवारणी कसली, बी कुठलं ते विचारा. मे महिन्यात एकाने लाल-पिवळी सिमला मिरची आणि ब्रोकोली मांडली होती, बाकीच्यांनीच त्याला विचारलं की एवढ्या उन्हात हे कुठल्या शेतात आलं रे दादा, पुढच्या रविवारी तो दिसला नाही. त्या दिवशी माझा विश्वास पक्का बसला.

पाचपैकी चार देतेय. एक कापला तो बायकांच्या सोयीसाठी. पहाटे तीनला निघालेल्या या बायका दुपारी एकपर्यंत तिथे असतात आणि शाळेचं टॉयलेट कुलूपबंद. दोनदा सांगितलं, बघतो म्हणाले, अजून काही नाही. माझं घर तळमजल्यावर आहे म्हणून चौघीजणी माझ्याकडे येतात, पण बाकीच्यांनी काय करायचं? तुमच्यापैकी कोणी आयोजकांना ओळखत असेल तर कृपया हे त्यांच्या कानावर घाला.

कापडी पिशवी न्या, सुट्टे न्या, यूपीआय चालतं पण पटांगणात रेंजची बोंब आहे. शेवळं अजून दोनेक रविवार मिळतील. कंटोळी आषाढात येतील म्हणाल्यात मावशी, अर्धा किलो मी आत्ताच सांगून ठेवलीत, पैसेही देऊन टाकलेत.