कामातली आठवण की दिवसाची उजळणी?

नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमधल्या एका ताईंनी विचारलं: धंतोलीत नर्सची ड्युटी, घरी स्वयंपाक, देवाचं सान्निध्य ब्रदर लॉरेन्सच्या वाटेनं शोधू की संत इग्नेशियसच्या?

लॉरेन्स 17व्या शतकातले, पॅरिसच्या कार्मेल या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठातले धर्मबंधू. आधी मठाचं स्वयंपाकघर, पुढे चपलांची दुरुस्ती. हातातलं काम देवाच्या प्रेमाखातर करायचं आणि मधूनमधून मनातच त्याच्याशी बोलायचं, ही त्यांची रीत. जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस (1491–1556) थांबून मागे पाहायला, म्हणजे दिवसाची उजळणी करायला सांगतात: आभार माना, प्रकाश मागा, दिवस आठवा, क्षमा मागा, उद्याचा निश्चय करा.

पहिलीला वेगळा वेळ लागतच नाही. सलाईन लावताना, पोळी उलटताना 'प्रभू, तू इथे आहेस' एवढं पुरतं. पण दिसते तितकी ती सोपी नाही. गर्दीच्या वॉर्डात तासन्‌तास आठवण येत नाही. खुद्द लॉरेन्सना ही सवय जडायला वर्षं लागली. मन भरकटलं तर खंत करत बसू नये, शांतपणे परत यावं, असं ते सांगत. मला हे फार मोलाचं वाटतं.

दुसरीला पंधरा मिनिटं तरी हवीत, आणि थकलेले डोळे मिटतात. मात्र पेशंटच्या नातेवाइकावर आपण का खेकसलो, तेव्हा देव काय सुचवत होता, हे तिथेच उलगडतं.

धुणीभांडी, शिवण अशी हातांची कामं असतील तर लॉरेन्स. माणसं, निर्णय, ताण असेल तर इग्नेशियस. ताईंनी उजळणीपासून सुरुवात करावी, असं माझं मत. घरी परतताना बसमध्येही ती होते.