बर्फातल्या सॅलडचं बियाणं: माश आणि क्लेटोनिया डोळे झाकून घ्या, मिक्सचं पाकीट नको

आधी निकालच सांगून टाकते, कारण हे बियाणं मागवायची वेळ जुलैची असते आणि तेव्हा हिवाळा कुणाच्या डोक्यातही नसतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट या पट्ट्यात राहत असाल, घरामागे एखादा चार बाय आठचा वाफा असेल, आणि लाल माठ, वांगी, दुधी आटोपले की तो वाफा ऑक्टोबर ते एप्रिल नुसता पडून राहत असेल, तर दोन पाकिटं नक्की घ्या. एक माशचं, एक क्लेटोनियाचं, दोन्ही थंडीत तगणारे, सॅलडमध्ये कच्चे खायचे पाले. तिसरं घ्यायचंच तर पालकाचं, लेट्युस हौस असेल तर, आणि ते विंटर सॅलड मिक्स लिहिलेलं रंगीत पाकीट मात्र अजिबात नको, का ते खाली सविस्तर लिहिलंय.

मी न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला राहते, अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशावर झोन ७. इथे ऑक्टोबरच्या शेवटाकडे पहिलं कडक हिमदव पडतं आणि लाल माठ एका रात्रीत काळा पडून आडवा होतो. त्यानंतर बहुतेक जण नळी गुंडाळून ठेवतात आणि पुढचे पाच महिने दुकानातल्या प्लॅस्टिकच्या डब्यातली पानं आणतात, जी कॅलिफोर्निया किंवा अॅरिझोनातून ट्रकने आलेली असतात आणि डबा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी खालून चिकट होतात. चार-पाच डॉलरचा एक डबा, साधारण तेवढ्यातच बियाण्याचं एक पाकीट येतं आणि त्यात वाफाभर पाला होतो. पैशाचा हिशोब इथेच संपला, पण खरी गोष्ट चवीची आहे.

माझी माश आणि क्लेटोनियाची पाकिटं जॉनीज सिलेक्टेड सीड्सची आहेत. मेन राज्यात विन्स्लोला आहे ही कंपनी, १९७३ पासूनची, आता कर्मचाऱ्यांच्याच मालकीची. मेनमधला हिवाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे तिथे टिकणारा वाण इथे टिकतोच, आणि त्यांच्या कॅटलॉगमध्ये कुठलं बी किती तापलेल्या मातीत उगवतं, किती खोल टाकायचं, ओळींत किती अंतर हे सगळं नीट दिलेलं असतं, फक्त सुंदर फोटो लावून मोकळे होत नाहीत. मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

आता एक गोष्ट जी पाकिटावर ठळक छापायला हवी असं मला फार वाटतं, ती म्हणजे उजेड. इथे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिवस दहा तासांपेक्षा लहान होतो आणि जानेवारी संपता संपता परत दहाच्या वर जातो. मधल्या काळात थंडी असो नसो रोपाची वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे जे काय खायचंय ते नोव्हेंबर लागायच्या आत निदान पाऊण वाढलेलं पाहिजे, मग वाफा म्हणजे बाहेर ठेवलेला फ्रीजच, लागेल तेवढं कापून आणायचं. म्हणून ही पेरणी करायची ऐन उकाड्यात, ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर अखेरपर्यंत, आणि गोची इथेच आहे, थंडीत तगणाऱ्या या पाल्यांची बियाणी तापलेल्या मातीत उगवायला तयार नसतात. लेट्युसचं बी २७-२८ सेल्सिअसच्या वर झोपून राहतं, पालक तिशीच्या आसपास हात आखडतो, माशला तर विशीच्या वरच त्रास होतो. उपाय साधा आहे. संध्याकाळी पेरायचं, भरपूर पाणी द्यायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि ते दोन वेळा शिंपडून ओलं ठेवायचं. पहिला कोंब दिसला की गोणपाट लगेच काढायचं, एक दिवस जरी जास्त राहिलं तरी कोंब पांढरे आणि लांबट होतात. लेट्युसचं बी मात्र अगदी वरच टाकायचं, त्याला उगवायला उजेड लागतो, नुसता मातीचा हलका हात फिरवायचा.

माशचा माझा वाण विट. हिला कॉर्न सॅलड किंवा लॅम्ब्स लेट्युस असंही म्हणतात. युरोपात गव्हाच्या शेतात तणासारखी उगवायची, आता फ्रान्समध्ये नांतच्या आसपास हिची मोठी शेती होते. उगवायला दहा ते चौदा दिवस घेते आणि तोवर चिकवीडसारखं तण आधी वर येतं, म्हणून विस्कटून पेरू नका, दोरी लावून सरळ ओळीत पेरा म्हणजे ओळीबाहेरचं ते तण एवढं सरळ कळतं. सुरुवातीला इतकी हळू वाढते की कुणालाही वाटेल पैसे पाण्यात गेले. धीर धरा. ऑक्टोबर संपेपर्यंत जमिनीलगत लहान लहान फुलासारखे गड्डे होतात, चमच्याच्या आकाराची पानं, गडद हिरवी, आणि मग थंडी वाढो, बर्फ पडो, ती तिथेच असते.

जानेवारीत सकाळी वाफ्यावरचं थंडी अडवणारं कापड उचलून बघा. पानं पूर्ण गोठलेली असतात, कडेला बारीक पांढरे कण, बोटाने दाबलं तर कट् आवाज करून मोडतील अशी. नवीन माणूस म्हणेल संपलं सगळं. त्याच वाफ्यावर दुपारी एकला या, ऊन पडलेलं असलं की तीच पानं मऊ होऊन परत तजेलदार. म्हणून कापणी कायम दुपारी करायची, गोठलेलं पान कापलं तर घरात आल्यावर त्याचं पाणी होतं आणि लगदा उरतो. उणे १५ सेल्सिअसपर्यंतची थंडी ही सहज काढते, वर कापड असलं तर चिंताच नाही. चव म्हणाल तर कच्च्या बदामाच्या अंगाने जाणारी, कडूपणा नाही, लहान मुलंही खातात. आख्खा गड्डा मुळाच्या वर कात्रीने कापायचा. एकच कटकट म्हणजे पानांच्या बेचक्यात वाळू अडकते, तीन पाण्यांतून काढावीच लागते, घाईत एका पाण्यावर भागवलं तर दाताखाली येतेच.

आमच्याकडे याची कोशिंबीर होते. दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, मीठ, आणि हिंग-मोहरीची फोडणी, पण फोडणी पूर्ण गार करून, गरम ओतली की पान बसतं. फ्रेंच लोक बीटाबरोबर खातात आणि तेही फार छान लागतं, उकडलेल्या बीटाच्या दह्यातल्या कोशिंबिरीत शेवटी मूठभर माश घालून बघा.

क्लेटोनिया हे तर मला या सगळ्यात जास्त आवडलेलं. मूळचं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं, कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात आलेले खाणकामगार स्कर्व्ही होऊ नये म्हणून हे रानातून तोडून खायचे, त्यावरूनच मायनर्स लेट्युस. बे एरियातल्या मंडळींनी तर विकतही घ्यायची गरज नाही, पावसाळी हिवाळ्यात झाडांच्या सावलीत आपसूक उगवतं, फक्त नीट ओळखता आल्याशिवाय आणि फवारणी नसल्याची खात्री असल्याशिवाय खाऊ नका. बी अगदी बारीक, काळं, चकचकीत, जेमतेम मातीआड जाईल एवढंच खोल टाकायचं. पान पाहिलं की कुणीही विचारतं हे काय, कारण देठ गोल पानाच्या बरोबर मधून आरपार वर जातो आणि टोकाला इवलीशी पांढरी फुलं येतात, फुलांसकट खायचं. चव आपल्या घोळीच्या जवळची, तशीच मांसल रसरशीत पानं, आंबटपणा मात्र कमी. भारतातून आलेल्या आईला किंवा सासूबाईंना द्या, त्यांना पटकन ओळखीची वाटेल. कापल्यावर परत फुटते, थोडं बी वाफ्यातच पडू दिलं तर पुढच्या शरद ऋतूत स्वतःहून येते. थंडीत माशच्या थोडी मागे आहे, उघड्यावर फार कडक रात्री नको, कापडाखाली व्यवस्थित राहते.

पालक सगळ्यांच्या ओळखीचा म्हणून लवकर आटपते. ब्लूम्सडेल जातीचा, जाड सुरकुतलेल्या पानांचा घ्या, आणि दर वर्षी नवीन घ्या कारण पालकाच्या बियाण्याचा जोम फार लवकर जातो. सप्टेंबरच्या मध्यावर पेरलेला पालक हिवाळ्यात थोडाच मिळतो पण त्याची खरी मजा मार्चमध्ये, दिवस मोठा होऊ लागला की त्याच जुन्या मुळांवर नवी पानं इतक्या जोरात येतात की दोन माणसांना संपत नाहीत. थंडीत रोप स्वतःच्या बचावासाठी पानांत साखर साठवतं, त्यामुळे गोठणबिंदू खाली जातो आणि आपल्याला पान गोड लागतं. ऑक्टोबरचा पालक आणि फेब्रुवारीचा पालक एकाच पाकिटातले आहेत हे सांगून खरं वाटणार नाही. मे लागला की दांडा वर जातो, तेव्हा मोह न धरता उपटायचा.

लेट्युसमध्ये विंटर डेन्सिटी हा वाण, रोमेन आणि बटरहेड या लेट्युसच्या दोन प्रकारांच्या मधला, घट्ट आणि गोड. छान आहे पण पूर्ण वाढलेला गड्डा कडक थंडीत बाहेरून खराब होतो, लहान असतानाच जास्त तगतो, म्हणून डिसेंबरपर्यंत खाऊन टाकायचा. यात पेलेटेड बी, म्हणजे मातीचा लेप दिलेल्या गोळ्या, मिळतात, पेरायला सोप्या पण महाग आणि वर्षभराच्या पुढे ठेवू नयेत, घरच्या वाफ्याला साधं बी पुरेसं. विंटरबोर केल दणकट आहे, बर्फातून उभा राहतो, पण सॅलडसाठी मी त्याला मार्क देणार नाही, कच्चा खायचा तर मीठ-तेल लावून चोळावा लागतो, मुगाची डाळ घालून भाजीच बरी. तात्सोई या चिनी पालेभाजीची पीठ पेरून भाजी उत्तम होते, फक्त सप्टेंबरात फ्ली बीटल नावाचे बारीक किडे पानाची चाळण करतात, पेरल्या दिवसापासून जाळी हवी.

आता ते मिक्स. एका मोठ्या दुकानाच्या रॅकवरून घेतलेलं, दुकानाचं नाव नको. पाकिटावर बर्फाचं चित्र, आत कोणकोणते वाण आहेत याची यादी नाही, पेरणीची वेळ म्हणून अर्ली स्प्रिंग एवढंच. उगवलं ते जास्त करून मोहरी आणि मिझुना हा मोहरीच्या कुळातला जपानी पाला, चार दिवसांत वर, आणि त्यांच्या सावलीत बाकी काही आलंच नाही. यात दोष नुसता त्या एका पाकिटाचा नाही, कल्पनाच चुकीची आहे. तीन-चार दिवसांत उगवणारं आणि दोन आठवडे घेणारं बी एकाच मुठीत टाकलं तर हळू येणारं मरणारच, आणि मिझुना पहिल्या जोरदार थंडीत गेला की वाफा रिकामा. हिवाळी म्हणून विकताय तर निदान वाणांची नावं आणि शेवटची पेरणीची तारीख छापा, नवीन माणूस एकदा फसला की परत या वाटेला जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

कापडाबद्दल थोडं. एजी-१९ नावाचं पांढरं रो कव्हर साधारण ८५ टक्के उजेड आत सोडतं आणि उणे दोन सेल्सिअसच्या आसपासचं हिमदव थोपवतं. तेवढं डिसेंबरपर्यंत चालतं, पुढे त्यावर जाड प्लॅस्टिक हवं, आणि दोन्ही वाकवलेल्या तारेच्या कमानींवर ताणायचं, पानांवर टेकू द्यायचं नाही. उन्हाच्या दिवशी प्लॅस्टिकच्या कडा उचला, आत उष्णता साचून पाला उकडतो. बर्फ पडला की हाताने हलकेच झटका, ओला बर्फ जड असतो, कमानी वाकतात.

फ्लोरिडा, ह्यूस्टनवाल्यांनी माशच्या भानगडीत फार पडू नये, जमीनच पुरेशी थंड होत नाही, तिथे नोव्हेंबरात साधा लेट्युस-पालक मस्त येतो. मिनेसोटाकडे नुसत्या कापडावर भागणार नाही, काचेच्या झाकणाची पेटी हवी आणि पेरणी तीन आठवडे आधी. बाकी आपल्या पट्ट्यासाठी माशला पाचपैकी पाच, क्लेटोनियाला पाच, पालकाला साडेचार, विंटर डेन्सिटीला साडेतीन. मागवायचं ते जुलै संपायच्या आत मागवा आणि उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा, लेट्युस आणि माश पुढच्या वर्षीही छान उगवतात.