एचआयव्हीची लस: आपली आपण की साऱ्यांनी मिळून?

वातींसाठी कापसातली सरकी काढता काढता आमच्या गावच्या काकूंनी विचारलं, "एचआयव्हीची लस आपली आपनच काहून नाही बनवत?"

एकट्यानं केलं तर मालकी आपली आणि निर्णयही झटपट. पण हा विषाणू सतत रूप बदलतो. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मुख्यतः 'सी' उपप्रकार, अमेरिकेत 'बी'. नुसत्या काळ्या रानात पारखलेलं कपाशीचं बियाणं बरडावर कसं येईल, कोण सांगणार? शिवाय माणसं हजारोंनी लागतात. थायलंडमध्ये अमेरिकेच्या साथीनं १६,००० हून जास्त स्वयंसेवकांवर चाचणी झाली. २००९ मध्ये निकाल आला: संरक्षण जेमतेम ३१ टक्के. त्याच धर्तीची लस दक्षिण आफ्रिकेत तपासली, तर २०२० मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. म्हणजे भागीदारीतही पीक बुडतंच! पण का बुडालं, ते साऱ्यांना कळतं.

खटकतं एकच. पैसा बाहेरचा, तो आटला की काम अडतं. तरी माझं मत भागीदारीलाच.

काकूंनी हातातली सरकी टोपल्यात टाकली. "मंग त्या लशीचा भाव कोन ठरवन?"