शेलॅक ऐकायचंय? मग आधी ड्रमकडे लक्ष द्या

नॉइज रॉक म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, अँप फुल्ल, कोणीतरी गळा फाडतंय आणि त्यात गाणं कुठेय ते शोधत बसा. शेलॅक हा बँड लावा, पहिल्या मिनिटातच कळतं की इथे प्रकार वेगळाय. एक गिटार, एक बेस, एक ड्रमसेट, संपलं. आवाज कर्कश आहेच, पण प्रत्येक ठोक्यानंतर जी मोकळी जागा सोडलीये ना, ती पण वाजते. यांचे सहाही स्टुडिओ अल्बम ओळीने ऐकून हे लिहितोय आणि आधीच सांगून टाकतो, सगळेच घेण्यासारखे नाहीत. पण जे जमलेत ते असे जमलेत की नंतर बाकीच्या रॉक बँडचं रेकॉर्डिंग उगाच भरगच्च वाटायला लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. 1992 मध्ये सुरू झालेला अमेरिकन बँड, गिटारवर स्टीव्ह अल्बिनी, बेसवर बॉब वेस्टन, ड्रमवर टॉड ट्रेनर. अल्बिनी आणि वेस्टन शिकागोचे, ट्रेनर मिनियापोलिसचा. गातात अल्बिनी आणि वेस्टन, म्हणजे गातात असं म्हणायचं, बऱ्याचदा बोलतातच. अल्बिनीचं नाव ऐकलं असेल, आधी बिग ब्लॅक नावाच्या बँडमध्ये होता (त्यात ड्रमर नव्हताच, ड्रम मशीन होतं, आणि पुढे त्याच माणसाचा बँड ड्रमरवर उभा राहिला, गंमत आहे), आणि निर्वाणा बँडचा 1993 चा इन युटेरो, पिक्सीज बँडचा 1988 चा सर्फर रोझा हे अल्बम त्यानेच रेकॉर्ड केलेत. निर्वाणाच्या वेळी त्याने एक लाख डॉलर ठोक घेतले आणि रॉयल्टी घ्यायला साफ नकार दिला, म्हणाला प्लंबरला जसे कामाचे पैसे देता तसे मला द्या, विषय संपला. अल्बमवर स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घेणंही त्याला चालायचं नाही.

हे सगळं का सांगतोय तर शेलॅकचा आवाज यातूनच आलाय असं माझं मत आहे. तिघांचं पोट या बँडवर कधीच नव्हतं. अल्बिनीने 1997 मध्ये शिकागोत इलेक्ट्रिकल ऑडिओ नावाचा स्वतःचा स्टुडिओ उघडला आणि रोज दुसऱ्यांचे बँड रेकॉर्ड करायचा, वेस्टनही रेकॉर्डिंग आणि मास्टरिंगच्याच (तयार रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवायच्या) धंद्यात. बँड म्हणजे सवड मिळाली की करायची गोष्ट. त्यामुळे दोन वर्षांनी अल्बम आलाच पाहिजे, सिंगल हिट झालाच पाहिजे, असला कसलाच दबाव नाही. लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) टच अँड गो, शिकागोचंच, जे बँडशी तोंडी बोलीवर काम करायचं, खर्च निघाला की नफा निम्मा निम्मा. 1994, 1998, 2000, 2007, 2014, 2024. अल्बमची ही वर्षं बघा, कुठल्या मॅनेजरला हे वेळापत्रक दाखवलं असतं तर त्याने हातच जोडले असते.

आता आवाजाबद्दल, कारण खरा माल तिथेच आहे. पहिला अल्बम अॅट अॅक्शन पार्क, हेडफोन लावा आणि फक्त ट्रेनरच्या ड्रमकडे लक्ष द्या. तो फार काही वाजवत नाही. फिल (ठेक्याच्या मधले सजावटीचे तुकडे) कमी, झांजा कमी, पण काठी पडते तेव्हा तुम्हाला ड्रमच्या कातड्याचा आवाज, त्यानंतर ड्रमच्या पोटातला घुमारा आणि त्याच्या मागून खोलीच्या भिंतीवरून परत आलेला आवाज, हे तिन्ही वेगवेगळे ऐकू येतात. अल्बिनीची पद्धतच ती, माइक वाद्याजवळ पण लावायचे आणि लांब खोलीतही लावायचे, सगळं अॅनालॉग टेपवर घ्यायचं आणि नंतर फार चोळत बसायचं नाही. वेस्टनचा बेस घरघर करत मधे बसतो आणि बऱ्याच गाण्यांत मूळ चाल तोच पुढे नेतो, गिटार नाही. गिटार काय करते तर खरवडते. अल्बिनीची ट्रॅव्हिस बीन गिटार, तिची मान अॅल्युमिनियमची, पट्टा खांद्यावर नाही तर कमरेला बांधलेला, आणि वाजवायला धातूचं पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा जो आवाज येतो तो आवाज बदलणाऱ्या पेडलची रांग लावून काढलेला नाही, हे लक्षात आलं की अजूनच मजा येते.

दुसरा अल्बम टेराफॉर्म मात्र नवख्या माणसाने आधी घेऊ नये, हे कळकळीने सांगतो. पहिलंच गाणं बारा मिनिटांचं, त्यात बेस आणि ड्रम तेच ते तेच ते फिरवत राहतात आणि गिटार मधूनच येऊन काहीतरी बोलून जाते. मला आवडतं, पण मी ते मूड असेल तेव्हाच लावतो, आणि जाणून बुजून संयम तपासण्यासाठी ठेवलेलं आहे असा माझा पक्का संशय आहे. बाकीचा अल्बम ठीक.

1000 हर्ट्स हा सगळ्यात नेटका अल्बम. पॅकिंग स्टुडिओतल्या टेपच्या डब्यासारखं, आणि रेकॉर्ड घेणाऱ्याला आतच सीडी पण दिलेली, त्या काळात हे कोण करत होतं? गाणी छोटी, घट्ट, स्क्विरल साँग आणि वॉच साँग म्हणजे या बँडचं ओळखपत्र. पण याच अल्बमचं पहिलं गाणं, प्रेयर टू गॉड, यात एका बाईने सोडून दिलेला माणूस देवाकडे मागतोय की तिला मार आणि तिच्यासोबतच्या पुरुषालाही मार. बोलणारा माणूस केविलवाणा दाखवलाय, गाणं त्याच्या बाजूने नाही, हे मला पटतं, तरीपण मित्रमंडळींत लावावं असं ते नाही आणि कोणी म्हणालं की मला हे नको तर मी वाद घालणार नाही. अल्बिनीचा इतिहासही या बाबतीत चांगला नाही, शेलॅकच्या आधीच्या त्याच्या एका बँडचं नावच इतकं घाणेरडं होतं की इथे लिहायची इच्छा नाही. पुढे 2021 मध्ये त्याने जाहीरपणे कबूल केलं की सुखवस्तू जागेवर बसून आपण जे बोललो आणि केलं त्यातलं बरंच वाईट होतं. कारणं न देता कबूल केलं, हे त्यातल्या त्यात बरं.

2007 चा एक्सलंट इटालियन ग्रेहाउंड (ट्रेनरच्या कुत्र्यावरून नाव) मला अर्धाच पटतो. सुरुवातीचं द एंड ऑफ रेडिओ जबरदस्त, जगातला शेवटचा रेडिओवाला माइकवर बोलतोय आणि ऐकायला कोणीच उरलेलं नाही, मागे फक्त स्नेअर ड्रम आणि बेस. पण जेन्युइन लुलाबेल नऊ मिनिटांच्या वर जातं आणि त्यातली बडबडीची गंमत दुसऱ्यांदा ऐकताना संपलेली असते. 2014 चा डूड इनक्रेडिबल छोटा आणि कडक, त्यात जमीन मोजणाऱ्या सर्व्हेअर लोकांवर एक नाही तर तीन गाणी आहेत. का? माहीत नाही, पण हे असं फक्त हेच करू शकतात.

एक रेकॉर्ड तुम्हाला मिळणारच नाही, द फ्युचरिस्ट, 1997 ची. एका डान्स कंपनीसाठी केलेलं संगीत, 779 प्रती, सगळ्या मित्रांना वाटलेल्या, कव्हरवर त्या सगळ्यांची नावं छापलेली आणि ज्याची प्रत त्याच्या नावावर खूण. म्हणजे कोणी विकायला काढली तर कोणी काढली ते लगेच कळणार. आयडिया भारी आहे राव!

लाइव्हचे व्हिडिओ बघाच. ड्रमसेट मागे कोपऱ्यात नसतो, स्टेजच्या मधोमध अगदी पुढे, दोघं दोन बाजूंना. गिटार सुरात लावेपर्यंत वेस्टन लोकांना विचारतो की काही प्रश्न आहेत का, आणि लोक खरंच विचारतात, वाट्टेल ते. विंगवॉकर या गाण्याच्या मधे अल्बिनी आणि वेस्टन हात पसरून विमान होतात, पन्नाशीतले दोन माणसं, चेहरा एकदम गंभीर. आणि काही शोच्या शेवटी ट्रेनर वाजवत असतानाच दोघं त्याच्या ड्रमसेटचा एकेक भाग उचलून बाजूला नेतात, तो उरलेल्यावर वाजवत राहतो.

शेवटचा अल्बम टू ऑल ट्रेन्स 17 मे 2024 ला आला. त्याच्या दहाच दिवस आधी, 7 मे ला, अल्बिनी हार्ट अटॅकने गेला, वय 61. साहजिकच सगळीकडे अल्बमपेक्षा त्या योगायोगावरच जास्त लिहून आलं, शेवटचं गाणं नरकाची भीती नसण्याबद्दल आहे म्हटल्यावर तर विचारूच नका. पण रेकॉर्डिंग 2017 ते 2022 मध्ये जमेल तशा सुट्ट्या काढून झालेलं, त्यामुळे त्यात निरोपबिरोप शोधू नका. त्याऐवजी गाणी ऐका, अर्ध्या तासाच्या आत दहा गाणी, एकही फालतू सेकंद नाही. स्क्रॅपर्स भंगार गोळा करणाऱ्यांवर आहे, स्कॅबी द रॅट त्या फुगवलेल्या अवाढव्य उंदरावर जो अमेरिकेत कामगार युनियनवाले मालकाच्या दारात उभा करतात. विनोद आहे, चीड आहे, आणि वेस्टनचा बेस इतका छान कधीच रेकॉर्ड झाला नव्हता.

तेव्हा घ्यायचंच असेल तर माझा क्रम असा. आधी टू ऑल ट्रेन्स, मग 1000 हर्ट्स, मग अॅक्शन पार्क. हे तीन पचले तर 2019 मध्ये आलेला पील सेशन्सचा (बीबीसी रेडिओवरच्या जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी वाजवलेल्या गाण्यांचा) संग्रह घ्या, एक सेशन 1994 चं आणि दुसरं डिसेंबर 2004 चं, जॉन पील गेल्यानंतरचं, प्रेक्षकांसमोर वाजवलेलं, दहा वर्षांत तीच तिघं किती सैल आणि किती धारदार झाली ते शेजारी शेजारी ऐकायला मिळतं. रेकॉर्ड प्लेयर नसेल तर अडून बसू नका, अल्बम आता स्ट्रीमिंगवर पण आहेत, फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बेस गायब होतो आणि मग उरते ती नुसती खरवड, आणि तुम्ही मला शिव्या घालणार.