जुन्या एमजीबीच्या दाराची हँडल: मूळ दुरुस्त करावीत की नवी बसवावीत?

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात सुमारे ५ लाखांच्या संख्येने तयार झाली. त्यामुळे तिच्या दाराचे हँडल, कुलूप आणि लॅच (दार बंद धरून ठेवणारी आतली कडी) हे भाग आजही नव्याने घडवलेले मिळतात. सोलापुरात अशी गाडी पुन्हा उभी करणाऱ्यासमोर म्हणूनच खरी निवड असते: मूळ भाग सोलून, सांधून, पुन्हा क्रोम करून घ्यावेत, की परदेशातून नवे मागवावेत? माझ्या मते हा एक नव्हे तर दोन वेगळे निर्णय आहेत. बाहेरून दिसणाऱ्या हँडलचा निर्णय त्याच्या क्रोमखालच्या धातूवर घ्यावा आणि आतल्या कुलूप-लॅचचा निर्णय त्यांच्या झिजेवर घ्यावा. दोन्हींचा संच एकदम बदलण्याची घाई करू नये.

हँडल दारावरून उतरवल्यावर प्रथम त्याची आतली बाजू पाहावी. तिथे न दिसणाऱ्या जागी किंचित ओरखडा काढला आणि पिवळी छटा दिसली तर धातू पितळ आहे. करडी दिसली तर तो बहुधा मॅझॅक, म्हणजे जस्त आणि थोडे ॲल्युमिनियम यांचा ओतीव मिश्रधातू आहे. लोहचुंबक या दोहोंनाही चिकटत नाही, म्हणून ती परीक्षा इथे उपयोगाची नाही. त्या काळातील पुष्कळ ब्रिटिश गाड्यांची हँडल मॅझॅकची आहेत आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्यातील व खालच्या निकेलमधील सूक्ष्म छिद्रांतून ओल आणि क्षार जस्तापर्यंत पोहोचले, की आतून गंज फुगतो आणि पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या येतात. सोलापूरची कोरडी हवा या धातूला मानवते, पण गाडीने आधीची वर्षे मुंबईच्या खाऱ्या हवेत काढली असतील तर नुकसान बहुतेक तेव्हाच होऊन गेलेले असते.

अशा पुटकुळ्या मोजक्या आणि उथळ असतील तर मूळ हँडल जरूर वाचवावे. त्यासाठी जुने क्रोम व निकेल उतरवून प्रत्येक खड्डा चकचकीत धातू लागेपर्यंत कोरावा लागतो, त्यावर तांब्याचा पातळ थर चढवून खड्डा कमी तापमानाच्या सोल्डरने भरावा लागतो, आणि मग जाड तांबे, बफिंग (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणे), निकेल व शेवटी क्रोम असा क्रम येतो. यात कळीचा मुद्दा पहिल्या तांब्याचा आहे. ते क्षारीय, बहुधा सायनाइडच्या द्रावणातूनच चढवावे लागते. लोखंड व पितळ हाताळण्याची सवय असलेल्या कारागिराने मॅझॅकचा नग थेट आम्लयुक्त तांब्याच्या टाकीत सोडला तर आम्ल जस्तच खाऊन टाकते. म्हणून प्लेटिंगवाला सोलापुरातला असो वा पुण्यातला, त्याने मॅझॅकचे काम याआधी केले आहे का, हे भाव विचारण्याआधी विचारावे. बफिंगही हलक्या हाताने व्हायला हवे, कारण चाकावर जास्त दाबलेल्या हँडलच्या कडा गोल होतात आणि मग कितीही चांगले क्रोम चढले तरी ते हँडल मूळचे वाटत नाही.

खड्डे खोल असतील, किंवा बसवण्याच्या खुंटीशी तडा गेला असेल, तर नवा नग घेणे शहाणपणाचे ठरते. मॅझॅक ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळत असल्यामुळे वेल्डिंगने तडा सांधण्याच्या नादात अख्खे हँडल ओघळून जाण्याची भीती असते. नव्या नगाची चकाकी पहिल्या दिवसापासून मिळते, पण किमतीवर वाहतूक आणि आयात शुल्क चढते, दोन्ही बाजूंची छटा जुळावी म्हणून जोडीच घ्यावी लागते, आणि ओतकामातील बारीक फरकामुळे तळ दाराच्या पत्र्यावर नीट टेकत नाही असेही घडते. त्यात १९६५ पर्यंतच्या गाड्यांना ओढायचे हँडल आहे, नंतरच्यांना बटणाचे; मागणी नोंदवताना गाडीचे वर्ष तपासावे. जुना पण चांगल्या अवस्थेतला मूळ नग मिळाला तर उत्तमच, मात्र केवळ छायाचित्रावर विसंबून तो घेऊ नये, कारण आतली बाजू त्यात क्वचितच दिसते.

कुलपाच्या बाबतीत माझा कल स्पष्टपणे मूळ भागाकडे आहे. आतील पितळी पत्त्या आणि स्प्रिंगा बहुतेक वेळा झिजलेल्या नसून जुन्या तेलात मुरलेल्या धुळीने अडकलेल्या असतात. बॅरल, म्हणजे चावी जिथे फिरते तो कुलपाचा दंडगोल, रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने साफ करून, पूर्ण सुकवून त्यात ग्रॅफाइटची पूड सोडली की चावी सहज फिरू लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यातील धूळ लक्षात घेता इथे तेल वापरूच नये. लॅचच्या दांड्याची टोके झिजली असतील तर अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या चांगल्या लेथवाल्याला मूळ नमुना दाखवून नवी खीळ करून घेता येते. आटे मात्र यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, आहेत हे त्याला आधीच सांगावे, कारण जवळपासच्या मापाचा मेट्रिक बोल्ट जोर लावून बसवला तर मूळ आटे कायमचे जातात.

कोणताही नग बसवा, हँडल आणि पत्र्याच्या मधली रबरी गास्केट नवीनच हवी. जुनी गास्केट उन्हाने कडक होऊन तडकते, मग पाणी आत उतरते आणि धातूची कड रंग खरवडते. बटणाच्या हँडलमागचा समायोजनाचा स्क्रू शेवटी लावावा: बटण न दाबता लॅचवर दाब येता कामा नये, नाहीतर खड्ड्यात गाडी आदळताच दार उघडू शकते. ही तपासणी दार बंद करण्यापूर्वी, लॅच हाताने मिटवून करावी.