गाडीतले बीप ‘कोडिंग करून’ बंद करणाऱ्यापासून सांभाळा

म्हापसा-पेडणे भागात एक जण घरी येऊन कारमधले बीप ‘सॉफ्टवेअरमधून’ बंद करून देतो. माझ्याकडून त्याने ३,५०० रुपये घेतले. बीप बंदही झाले, म्हणून तर फसवलं गेल्याचं बरेच दिवस कळलं नाही.

१ जुलै २०१९ पासून कारमध्ये हे इशारे सक्तीचे आहेत. पुढच्या दोन्ही सीटच्या बेल्टची आठवण, ताशी ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर अखंड वाजणारा वेगाचा इशारा, शिवाय मागचे पार्किंग सेन्सर. कोलवाळचा पूल ओलांडून धारगळच्या बाजूला रस्ता मोकळा मिळाला की वाजलंच. शुक्रवारच्या बाजारातली नारळांची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवा, गाडी तिलाही माणूस समजते आणि बेल्ट लावा म्हणून कटकट करते. (पिशवी खाली पायाशी ठेवली की काम होतं. हे फुकट आहे.)

गडी बोलायला गोड. बेल्ट न लावताच बीप गप्प व्हावा म्हणून बेल्टच्या खाचेत अडकवायच्या क्लिपा ऑनलाइन विकायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये मनाई केली, हे त्यानेच मला सांगितलं, आणि ते खरं आहे. पुढचं वाक्य मात्र त्याच्या पदरचं: ‘‘क्लिप बेकायदा, कोडिंगला कोण विचारत नाही.’’ स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टात (गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं यंत्र जोडतात ती खाच) यंत्र खोचलं, टॅबवर हिरव्या पट्ट्या सरकवल्या आणि म्हणाला, ‘‘बाब, उन्हात कशाला उभे राहता? घरात बसा. कांयच जावचें ना.’’ (काहीच होणार नाही.)

पट्ट्या सरकत होत्या त्या मला दाखवण्यापुरत्याच. खरं काम त्याने मी आत गेल्यावर केलं.

पुढे एकदा पार्किंग लाइट चालू राहिले, दार उघडलं तरी गाडी गप्प, सकाळी बॅटरी झोपलेली. रिव्हर्स घेताना सेन्सरही मुका. तेव्हा गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या इलेक्ट्रिशियनने क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डवरचा मीटरचा डबा, उघडून दाखवला: बीप वाजवणारा बझरच उपटलेला. सॉफ्टवेअरमधली सेटिंग जशी कारखान्यातून आली तशीच होती. सगळे इशारे त्या एकाच बझरवर वाजत, त्यामुळे नको ते बंद करताना हवे तेही गेले.

पण माझं डोकं खरं फिरलं ते पुढे. ड्रायव्हर सीटखालच्या पिवळ्या वायरी कापून जोडलेल्या होत्या. पिवळ्या म्हणजे एअरबॅग यंत्रणेच्या. बहुतेक आधी बेल्टचा स्विच चुकवायला तो तिथे शिरला असावा. त्या छेडल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटून राहतो आणि अशा वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते. त्या दिव्यावर त्याने आतून काळी टेप चिकटवली होती! मुलांना शेजारी बसवून आम्ही तशाच गाडीतून फिरत होतो.

कोणाकडूनही असं काम झालं असेल तर आजच बघा: चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटतच नसेल, तर गाडी आधी तपासून घ्या.

वायरिंगला बाहेरच्या माणसाचा हात लागला म्हणून वॉरंटी नाकारली. क्लस्टर नवा घ्यावा लागला, खर्च त्याच्या मजुरीच्या कितीतरी पट. नव्या क्लस्टरवर जुन्या किलोमीटरचा आकडा चढवला की त्याची लेखी नोंद जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर) घ्या, नाहीतर गाडी विकताना गिऱ्हाईक तुम्हालाच चोर समजेल.

त्याचा फोन आता लागत नाही. कार्डावर एक नाव, जीपेवर दुसरंच, पावती नाहीच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे जीपेचा स्क्रीनशॉट आणि उघडलेल्या क्लस्टरचे फोटो आहेत. याच माणसाकडून आणखी कोणी काम करून घेतलं असेल तर त्यानेही आपली तक्रार तिथे नोंदवावी.