गावात बेकारी खरंच कमी आहे का?
पीएलएफएस, म्हणजे केंद्र सरकारची रोजगार-बेरोजगारीची पाहणी, तिचा २०२३-२४ चा आकडा बघा, १५ वर्षांवरच्या लोकांत बेरोजगारी दर गावात २.५ टक्के आणि शहरात ५.१, म्हणजे शहरात डबल, की लगेच काहीजण म्हणतात चला गावाकडं. अरे पण मोजतात कसं ते तरी बघा! वर्षात ३० दिवस काम केलं, तेही घरच्याच शेतात बिनपगारी, तरी माणूस रोजगारात धरतात. दोन एकर सोयाबीन, त्यात बाप, आई अन् बीए झालेला पोरगा, तिघंही खुरपतायत, काम खरं तर दोघांचंच, पण कागदावर बेकार कुणीच नाही. शहरात वावर कुठलं? तिथं डिग्रीवाला रूमवर बसून अर्ज टाकत राहतो आणि सरळ बेकारांत मोजला जातो. मला तर शहराचाच आकडा जास्त खरा वाटतो.